प्रोफाइलला कुलूप असूनही माहिती बाहेर कशी जाते?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे फेसबुक प्रोफाइल ‘लॉक’ केलेले आहे, इन्स्टाग्राम त्या केवळ मुलीने टाकलेले नातवाचे फोटो पाहण्यापुरते वापरतात आणि ओटीपी त्यांनी आजवर कोणालाही सांगितलेला नाही. असे असूनही नोव्हेंबर महिन्यात त्यांना ‘कोषागार कार्यालयातून’ एक फोन आला. बोलणाऱ्याने त्यांचे पूर्ण नाव, शाळा, निवृत्तीचा महिना आणि मुलगी पुण्यात नोकरीला असल्याचे अचूक सांगितले व हयातीचा दाखला घरबसल्या भरून देतो असे म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. शंका आल्यामुळे बाईंनी ती उघडली नाही आणि पैसेही गेले नाहीत. आता त्या विचारतात की ही माहिती गेली कुठून, फेसबुक खाते बंद करावे का आणि मोबाइल क्रमांक बदलून टाकावा का.

माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात काम करताना आणि विदर्भातील बँका, महाविद्यालये व ज्येष्ठ नागरिक मंडळांना प्रशिक्षण देताना हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर येत असतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे. माझे मत आधीच सांगतो. आपली माहिती बहुधा आपल्या खात्यातून गेलेली नाही. आपल्याविषयी इतरांनी, बहुतेक वेळा कौतुकाने आणि आपुलकीने, जाहीर केलेले तुकडे कोणीतरी एकत्र जुळवले आहेत. एकेक तुकडा पाहिला तर त्यात लपवण्यासारखे काहीच नसते आणि म्हणूनच तो टाकताना कोणी दोनदा विचार करत नाही.

प्रथम त्या फाइलविषयी, कारण ती कदाचित अजून आपल्या फोनमध्येच असेल. हयातीच्या दाखल्यासाठी कोषागार कार्यालय किंवा बँक व्हॉट्सॲपवर फाइल पाठवत नाही. तो दाखला बँकेत प्रत्यक्ष जाऊन किंवा ‘जीवन प्रमाण’ या सरकारी व्यवस्थेतून आधारद्वारे ओळख पटवून द्यायचा असतो. आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतील तर ते कागदपत्र नसून अँड्रॉइड फोनवर बसवले जाणारे ॲप आहे, हे निश्चित समजावे. असे ॲप बसवले गेले की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि ती दिली की आपण ओटीपी कोणालाही न सांगता तो परस्पर समोरच्याकडे पोहोचू लागतो. हीच युक्ती लग्नसराईत लग्नपत्रिकेच्या नावाने आणि एरवी वाहनाच्या चलनाच्या नावाने चालते. लग्नपत्रिका फोटो असेल किंवा पीडीएफ असेल. ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. फाइल आपोआप डाउनलोड झाली असली तरी जोवर बसवली नाही तोवर ती काही करू शकत नाही, त्यामुळे घाबरू नये. संभाषणातून आणि फोनच्या ‘फाइल्स’मधून ती काढून टाकावी आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन कागदपत्रांचे आपोआप डाउनलोड होणे बंद करावे. फाइल काढण्यापूर्वी त्या संदेशाचा, क्रमांक दिसेल असा, स्क्रीनशॉट मात्र घेऊन ठेवावा.

आता माहिती गेली कुठून, याकडे वळू. आपल्यासारख्या प्रकरणांत मी सर्वांत आधी सेवापूर्ती समारंभाचे फोटो शोधतो. शाळेच्या फेसबुक पानावर किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या खात्यावर ते हमखास सापडतात. मंचामागे फ्लेक्स लावलेला असतो, त्यावर सत्कारमूर्तींचे पूर्ण नाव, हुद्दा, शाळा आणि तारीख ठळक अक्षरांत छापलेली असते. माध्यमिक शिक्षक वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर महिनाअखेरीस निवृत्त होतात. म्हणजे फ्लेक्सवर ‘३१ मे २०१९’ असे लिहिलेले असेल तर त्या शिक्षिकेचा जन्म मे १९६१ च्या सुमाराचा, हा हिशेब कोणीही बसल्या जागी करू शकतो. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष. ती फाइल कुठे पडलेली असेल, तर तिची किल्ली त्या फ्लेक्सवर आहे. बँकांची विवरणपत्रे आणि प्राप्तिकराची कागदपत्रे ज्या पासवर्डने उघडतात त्यातही जन्मतारीख बहुधा असतेच.

फोटोखाली अभिनंदनाची रीघ लागलेली असते. त्यात भाची लिहिते, ‘मावशी, आता पेन्शन घ्या आणि पुण्याला ताईकडे जाऊन आराम करा.’ या एका वाक्यात नाते, मुलीचे गाव आणि निवृत्तिवेतन मिळते ही बाब, असे तिन्ही येते. भाचीच्या नावावर टिचकी मारली की तिचे उघडे प्रोफाइल, त्यावर दिवाळीचा कुटुंबाचा फोटो आणि त्यात टॅग केलेली ‘ताई’. ताईच्या प्रोफाइलवर कंपनीचे नाव. एवढे शोधायला सराईत माणसाला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.

फेसबुकने प्रोफाइल लॉक करण्याची सोय भारतात मे २०२० मध्ये आणली आणि ती उपयुक्त आहे, परंतु तिची मर्यादा समजून घेतली पाहिजे. या सोयीमुळे आपल्या भिंतीवरचे लेखन आणि मोठ्या आकारातील फोटो मित्रयादीबाहेरील लोकांपासून झाकले जातात. शाळेच्या सार्वजनिक पानावर आपण स्वतः केलेली टिप्पणी, दुसऱ्याने स्वतःच्या खात्यावर टाकलेला आपला फोटो किंवा भाचीची ती ओळ यांना त्या कुलपाचा स्पर्शही होत नाही.

मोबाइल क्रमांकाचे स्पष्टीकरण आणखी सोपे आहे. सेवानिवृत्तांचा समूह, सोसायटीचा समूह, भिशीचा, यात्रेचा, योगवर्गाचा समूह अशा प्रत्येक व्हॉट्सॲप समूहात आपला क्रमांक सर्व सदस्यांना दिसतो आणि एका समूहात १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात. त्यांतील एकाचा फोन जरी भलत्या हाती पडला, तरी ‘निवृत्त शिक्षक’ या शीर्षकाखाली क्रमांकांची तयार यादी मिळते. याखेरीज २०२१ मध्ये १०६ देशांतील सुमारे ५३ कोटी ३० लाख फेसबुक खात्यांचे नाव आणि मोबाइल क्रमांक इंटरनेटवर उघड झाले होते, त्यात भारतीयांची खाती सुमारे ६० लाख होती. फोनबुकातून मित्र शोधण्याच्या सोयीचा गैरवापर करून ती माहिती गोळा केली गेली होती. ती फट कंपनीने २०१९ मध्येच बुजवली होती, पण एकदा बाहेर गेलेली यादी परत आणता येत नाही. नाव आणि क्रमांक यांची जोडी आता गुपित राहिलेली नाही असे गृहीत धरूनच पुढचा विचार करणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

यानंतरचा मुद्दा सविस्तर मांडतो, कारण त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. आपण कळवले आहे की मुलीच्या लग्नाच्या वेळी तिचा बायोडाटा समाजाच्या समूहांवर दिला होता. मराठी घरातील स्थळाचा बायोडाटा हा वैयक्तिक माहितीचा जेवढा परिपूर्ण संच असतो, तेवढा परिपूर्ण संच बँकेच्या अर्जातही नसतो. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, गोत्र, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, वडिलांचा हुद्दा, भावंडे, त्यांची सासरे, मामांची नावे व गावे, घरचा पत्ता आणि दोन मोबाइल क्रमांक असतात आणि सोबत चेहरा स्पष्ट दिसणारे फोटो असतात. पासवर्ड विसरल्यावर विचारला जाणारा ‘आईचे माहेरचे आडनाव’ हा प्रश्न आजही अनेक ठिकाणी वापरात आहे, आणि आपल्याकडे ‘आजोळ’ या रकान्यात त्याचे उत्तर आपणच लिहून देतो. लग्न जमते, साखरपुडा होतो, नातवंडे शाळेत जाऊ लागतात, तरी ती पीडीएफ एका वधू-वर समूहातून दुसऱ्यात फिरतच राहते. विवाहस्थळांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीत वापरलेले फोटो आणि तपशील अशाच जुन्या बायोडाटांतून उचललेले मी पाहिले आहेत.

ज्यांच्या घरी सध्या स्थळे पाहणे सुरू आहे त्यांनी दोन बायोडाटा तयार करावेत, असा माझा आग्रह असतो. समूहांत फिरवायच्या पहिल्या प्रतीत नाव, जन्मवर्ष, उंची, शिक्षण, नोकरीचे शहर, अपेक्षा आणि आई किंवा वडिलांचा एकच क्रमांक एवढेच असावे. मुलीचा किंवा मुलाचा स्वतःचा क्रमांक त्यात कधीही नसावा. फोटोवर ‘विवाहस्थळासाठी’ असे शब्द आणि महिना, वर्ष आडवे छापावे, म्हणजे तो फोटो अन्यत्र वापरणे अवघड होते. पत्रिका जुळवायची तर जन्मतारीख आणि जन्मवेळ लागणारच, पण ती दुसऱ्या प्रतीत असावी आणि समोरच्या घराशी प्रत्यक्ष बोलणे झाल्यावर, ओळखीतून खात्री करून, त्यांनाच पाठवावी. ‘एवढे लपवता म्हणजे काहीतरी असेल’ अशी शंका काही मंडळी घेतात, हे मला माहीत आहे. विचारल्यावर सर्व तपशील देऊ, असे पहिल्या प्रतीत शेवटी एका ओळीत लिहिले की ती शंका सहसा उरत नाही.

या ठिकाणी कायदा काय म्हणतो, हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळांचा समज असा आहे की आता माहिती संरक्षणाचा कायदा झाला असल्यामुळे ही चिंता सरकारची आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. ती याचिका करणारे न्या. के. एस. पुट्टस्वामी हेही आपल्याप्रमाणे सेवानिवृत्तच होते. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील अशी योजना आहे. हा कायदा बँका, ॲप आणि समाजमाध्यम कंपन्या आपल्या माहितीचे काय करतात यासाठी महत्त्वाचा आहे. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमात दोन गोष्टी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत: एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती आणि संबंधित व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती. म्हणजे आपण स्वतः समाजमाध्यमावर सर्वांसाठी खुला ठेवलेला मजकूर या संरक्षणात येत नाही आणि बायोडाटा पुढे पाठवणाऱ्या आत्याबाईंना या कायद्याखाली नोटीस देता येत नाही. त्यांना समजावून सांगणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो न्यायालयापेक्षा कठीण आहे.

दुसऱ्याच्या हातून आपली माहिती जाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या, केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणाचे आहे. व्यक्तिमत्त्व चाचणीच्या स्वरूपातील एका फेसबुक ॲपने चाचणी देणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती ओढून घेतली होती. फेसबुकने त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते, पण त्यामुळे माहिती गेली असण्याची शक्यता असलेल्या भारतीयांची संख्या ५,६२,४५५ होती. मित्रांची माहिती घेण्याची ती सवलत फेसबुकने २०१५ मध्येच काढून टाकली होती. तरीही ‘मागील जन्मी तुम्ही कोण होता’, ‘तुमचा चेहरा कोणत्या नटीशी जुळतो’ अशा खेळांपासून दूर राहावे आणि फेसबुकच्या सेटिंगमधील ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’ या भागात जाऊन जुन्या ॲपना दिलेल्या परवानग्या काढून टाकाव्यात.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. फेसबुकवर मी सर्वाधिक महत्त्व मित्रयादी लपवण्याला देतो. सेटिंगमध्ये ‘हाउ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू’ या भागात मित्रयादी कोणाला दिसावी हे ठरवता येते. तेथे ‘ओन्ली मी’ निवडावे आणि त्याच ठिकाणी आपला मोबाइल क्रमांक व ईमेल टाकून आपल्याला कोण शोधू शकतो, यावरही मर्यादा घालावी. मित्रयादीला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की आपल्या नावाचे बनावट खाते चालवण्यासाठी दोनच वस्तू लागतात: एक फोटो आणि ज्यांना विनंती पाठवायची त्यांची यादी. फोटो कुठूनही मिळतो. यादी मिळाली नाही तर त्या खात्याचा उपयोग जवळपास संपतो.

अशा बनावट खात्यावरून पुढे काय घडते, ते नागपूरकरांनी विशेषत्वाने जाणून घ्यावे. ओळखीच्या व्यक्तीच्या नावाने मेसेंजरवर संदेश येतो, ‘आपला नंबर पाठवा.’ नंतर कळवले जाते की माझा एक मित्र सीआरपीएफमध्ये किंवा लष्करात अधिकारी आहे, त्याची अचानक बदली झाली आहे आणि तो फ्रिज, एसी, सोफा, सायकल असे घरातील सर्व सामान अगदी स्वस्तात काढून टाकत आहे. मग त्या ‘अधिकाऱ्याचा’ फोन येतो, गणवेशातील ओळखपत्राचा फोटो येतो, सामानाचे फोटो येतात आणि सामान ट्रकमध्ये भरण्यासाठी आगाऊ रक्कम मागितली जाते. ही कहाणी देशभर चालते, परंतु कामठीची छावणी, हिंगणा मार्गावरील सीआरपीएफचे केंद्र आणि वायुसेनानगर ज्या शहराच्या रोजच्या बोलण्यात आहेत, तेथे बदली होऊन जाणाऱ्या फौजी कुटुंबाने सामान विकणे कोणालाच वावगे वाटत नाही. संदेश पाठवणाऱ्या परिचिताला साधा फोन लावून विचारणे, एवढ्यावर हा सारा डाव कोसळतो.

फेसबुकवर याशिवाय तीन कामे करावीत. ‘प्रोफाइल अँड टॅगिंग’मध्ये जाऊन टॅग केलेला मजकूर आपल्या संमतीनंतरच भिंतीवर दिसेल असे ठरवावे, जुने सार्वजनिक लेखन ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ने एकदम मित्रांपुरते करावे आणि जन्मतारखेतील वर्ष लपवावे. सेवापूर्तीचा फोटो ज्यांनी टाकला त्यांना तो केवळ मित्रांपुरता ठेवण्याची विनंती करण्यातही संकोच वाटू नये. इन्स्टाग्रामवर आपण काही टाकतच नसल्यामुळे खाते ‘प्रायव्हेट’ करण्यापलीकडे तेथे फारसे काम नाही.

व्हॉट्सॲपकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागेल, कारण आपल्या वयाच्या बहुतेकांचे समाजमाध्यम म्हणजे प्रत्यक्षात तेच आहे. तेथील संदेश टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक स्वरूपात जातात हे खरे आहे, परंतु ज्याला संदेश मिळाला तो त्याचे काय करतो यावर त्या सोयीचे कोणतेही नियंत्रण नाही. ‘प्रायव्हसी’मध्ये प्रोफाइल फोटो, ‘अबाउट’ आणि ‘लास्ट सीन’ केवळ ‘माय कॉन्टॅक्ट्स’ना दिसतील असे करावे. समूहात कोण जोडू शकते, हेही त्याच पर्यायावर ठेवावे; अनोळखी ‘गुंतवणूक सल्ला’ समूहांत आपोआप ओढले जाणे त्यामुळे थांबते. यापेक्षा महत्त्वाची आहे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ची सहा अंकी पिन. व्हॉट्सॲप खाते पळवण्याची रीत अशी असते: आपल्या एखाद्या परिचिताचे खाते आधीच पळवलेले असते आणि त्या खात्यावरून संदेश येतो, ‘माझा सहा अंकी कोड चुकून तुमच्या नंबरवर आला आहे, जरा पाठवता का?’ तो कोड परिचिताचा नसतो. आपलेच व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करण्यासाठी मागवलेला असतो. पिन लावलेली असेल तर नुसत्या कोडने काम होत नाही. ती पिन जन्मवर्ष किंवा वाहनाचा क्रमांक यांवरून ठेवू नये आणि ती विसरल्यास उपयोगी पडेल असा ईमेल पत्ता त्याच ठिकाणी नोंदवावा.

‘लिंक्ड डिव्हाइसेस’ हा भागही अधूनमधून उघडून पाहावा. संगणकावर व्हॉट्सॲप जोडण्यासाठी क्यूआर कोडऐवजी आठ अक्षरांचा कोड फोनमध्ये टाकण्याची सोय आहे, आणि ‘फोटो पाहण्यासाठी हा कोड टाका’ असे सांगून भामटे तो आपल्याच हातांनी टाकायला लावतात. त्यानंतर आपले व्हॉट्सॲप नेहमीप्रमाणे चालू राहते आणि सर्व संभाषण दुसरीकडेही दिसत राहते, त्यामुळे संशय येत नाही. यादीत ओळखीचे नसलेले उपकरण दिसले तर त्यावर टिचकी मारून ‘लॉग आउट’ करावे.

एका सवयीबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. सीताबर्डी असो की महाल, झेरॉक्सच्या दुकानात आता ‘व्हॉट्सॲप करून द्या’ असेच सांगतात आणि आपण आधार, पॅन, पासबुक असे सारे दुकानाच्या क्रमांकावर पाठवतो. दुकानदार सचोटीचा असला तरी त्या संगणकावर दिवसभरात शेकडो लोकांची कागदपत्रे उतरवलेली असतात आणि त्याच्यासमोर कोणीही बसू शकते. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण दोन दिवसांपर्यंतच चालते आणि संगणकात आधीच उतरवलेली प्रत त्याने जात नाही. पेन ड्राइव्हवरून समोर उभे राहून प्रत काढावी किंवा घरूनच छापून न्यावी. आधार द्यायचेच असेल तर ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात १२ अंकांपैकी केवळ शेवटचे ४ अंक दिसतात आणि ओळख पटवण्याच्या बहुतेक साध्या कामांना तेवढे पुरते. बोटांच्या ठशांच्या आधारे पैसे काढण्याची सोय आपण वापरत नसाल तर यूआयडीएआयच्या ॲपमधून बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवावे. जीवन प्रमाणसाठी ठसा द्यायचा असेल त्या दिवशी ते थोड्या वेळासाठी उघडता येते.

नातवाच्या फोटोंविषयी आपण ओझरता उल्लेख केला आहे. नव्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती कंपन्यांवर बंधनकारक केली आहे आणि मुलांवर रोख ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. परंतु आजी-आजोबांनी टाकलेला फोटो हा पुन्हा घरगुती मामला ठरतो. फोटो टाकूच नये, असे मी म्हणणार नाही. गणवेश, शाळेचा बिल्ला, स्कूल व्हॅनचा क्रमांक आणि ‘रोज साडेसातला निघतो’ अशी ओळ यांपैकी काही त्यात नसावे आणि आंघोळीचे फोटो कितीही गोड असले तरी ते कुटुंबाबाहेर जाऊ नयेत. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद निघून जाते, मात्र स्पष्टता टिकावी म्हणून ‘डॉक्युमेंट’ स्वरूपात पाठवला तर ती तशीच जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ बंद ठेवणे हा सोपा उपाय आहे. उन्हाळ्यात नागपूर सोडून थंड हवेच्या ठिकाणी गेल्यावरचे फोटो परत आल्यावर टाकावेत, हे आता सर्वांना पाठ आहे. निधनवार्तेत मात्र ‘अंत्ययात्रा राहत्या घरून सकाळी दहाला अंबाझरी घाटाकडे निघेल’ असे पत्त्यासह लिहिले जाते आणि त्या दोन तासांत घरी कोणीच नसते, याचा विचार होत नाही. अशा वेळी एका शेजाऱ्याला घरी थांबण्याची विनंती करावी.

आलेल्या फोनची तक्रार अवश्य करावी, पैसे गेले नसले तरीही. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत संशयास्पद फोन आणि संदेशांची नोंद करता येते, आणि तेथेच आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत हेही पाहता येते. त्यात अनोळखी क्रमांक असेल तर तो आपला नसल्याचे तेथूनच कळवावे. पैसे गेले असते तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करणे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करणे हे पहिले काम ठरले असते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ती गोठवण्याची शक्यता सुरुवातीच्या काळातच असते. त्यासाठी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी लागतो. आपल्या नावाचे बनावट खाते दिसल्यास केवळ स्क्रीनशॉटवर थांबू नये, त्या प्रोफाइलची लिंकही जपून ठेवावी; नाव आणि फोटो क्षणात बदलता येतात, पण पोलिसांना लिंकवरून माग काढता येतो. दुसऱ्याची ओळख चोरणे आणि संगणकीय साधनाने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे या दोन्हींसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६ सी आणि ६६ डी या कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि नागपूर शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष जाऊनही तक्रार देता येते.

फेसबुक खाते बंद करावे का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. खाते बंद केल्याने शाळेच्या पानावरील फोटो, भाचीची टिप्पणी किंवा फिरणारा बायोडाटा यांपैकी काहीही नाहीसे होणार नाही. उलट, उद्या कोणी आपल्या नावाने खाते उघडले तर ते आपल्याला दिसणार नाही आणि ‘हे खाते माझे आहे, ते बनावट आहे’ असे दाखवून तक्रार करणेही अवघड जाईल. मित्रयादी झाकलेले, क्वचितच काही टाकणारे, पण चालू असलेले खाते मला अधिक सुरक्षित वाटते.

मोबाइल क्रमांकाबाबत तर मी अधिकच सावध राहण्यास सांगेन. आपण सोडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तो क्रमांक जर तोपर्यंत बँकेला, आधारला किंवा व्हॉट्सॲपला जोडलेला राहिला, तर त्या नव्या ग्राहकाच्या फोनवर आपले ओटीपी येऊ लागतील, म्हणजे जो धोका टाळण्यासाठी क्रमांक बदलला तोच आपण ओढवून घेऊ. त्यामुळे सध्याचा क्रमांक ठेवावा. शक्य असल्यास एक दुसरा, कोणत्याही समूहात नसलेला आणि कोणालाही न दिलेला क्रमांक घेऊन बँक व आधारची नोंद त्यावर हलवावी. हे काम करताना आधी बँकेच्या शाखेत अर्ज द्यावा, मग आधार केंद्रात जावे, आणि दोन्ही ठिकाणी बदल झाल्याचा संदेश नव्या क्रमांकावर आल्याशिवाय जुन्या क्रमांकावर येणाऱ्या संदेशांकडे दुर्लक्ष करू नये.